टेकू

जुन्या कॅरव्हॅनच्या छतावरचं झाकण सावकाश वर ढकलायचं आणि कान द्यायचा. खाऱ्या हवेनं पांढरी पूड धरलेला टेकू करकरतो. रिव्हेटचं भोक झिजून लांबट झालं असेल तर अर्ध्यावर एकदा ‘टक्’ असा आवाज येतो आणि झाकण मिटताना पुन्हा त्याच जागी येतो. टेकू अजिबात आवाज करत नाही पण हात काढताच झाकण बोटभर खाली उतरतं, तेव्हा समजावं की त्याच्या चकत्या गुळगुळीत झाल्या आहेत. चौथा आवाज सगळ्यात वाईट. बारीक, ओलसर चुरचुर. ती टेकूची नसतेच. टेकू ज्या लाकडात स्क्रूनं बसवला आहे, त्या लाकडाची असते.

जुनी कॅरव्हॅन पाहायला आलेल्या माणसाचं लक्ष रंगाकडे जातं, पडद्यांकडे जातं, चाकांकडे जातं. छताकडे मान वर करून कुणी बघत नाही. पण १९५० ते १९७० च्या दशकांत बनलेल्या, गाडीमागं जोडून ओढायच्या त्या खोलीचं आयुष्य छतावरच ठरतं. साधारण ६० बाय ६० सेंटिमीटरचं एक झाकण, एका बाजूला बिजागऱ्या, डावीउजवीकडे एकेक टेकू. बहुतेक टेकू म्हणजे तीसेक सेंटिमीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यात लांब खाच, खाचेतून जाणारा पितळी बोल्ट, दोन चकत्या आणि बोटांनी आवळायचा नॉब. स्वयंपाकाची वाफ त्या झाकणातून बाहेर जाते, रात्रीचा वारा त्यातून आत येतो. आणि पाणी शिरलं की पहिल्यांदा शिरतं तेही तिथूनच.

गोव्यात अशा गाड्यांचा विषय निघाला की हणजुणे, वागातोर, हरमल हीच नावं पुढं येतात. १९६० आणि ७० च्या दशकांत तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा रस्ता तुडवत युरोपातल्या गाड्या या किनाऱ्यावर येत. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात उतरलं आणि तो रस्ता मिटला. त्या पिढीची गाडी असो की नंतर कुणी हौसेनं आणलेली, तिचं छत तिकडच्या हवेसाठी बनलेलं. इथं वर्षाचा सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि तोही पुष्कळदा वाऱ्याबरोबर आडवा. उरलेले महिने समुद्राचं मीठ आणि रस्त्याची तांबडी धूळ. टेकू इथं झिजतो आणि गंजतो, दोन्ही एकदम.

टेकू झाकण उघडं धरायला असतो, असं सगळ्यांना वाटतं. नावच तसं आहे. माझ्या मते त्याचं मोठं काम झाकण मिटलेलं असताना सुरू होतं. या जातीच्या पुष्कळ झाकणांना वेगळी कडी नसते. पट्टी पूर्ण खाली ओढून नॉब आवळला की टेकू हीच कडी. चौकटीवरचं १० मिलिमीटर जाडीचं रबर दाबून ६-७ मिलिमीटरवर आणायचं आणि चारी बाजूंनी सारखं ठेवायचं, हे काम दोन टेकू करतात. एक टेकू दुसऱ्यापेक्षा तीन मिलिमीटर जरी सैल राहिला तरी झाकण पिळल्यासारखं बसतं. एका कोपऱ्यात रबर चेंगरतं, समोरच्या कोपऱ्यात कागद सरकेल एवढी फट राहते. मग लोक त्या फटीत बाहेरून सिलिकॉन भरतात. दुखणं टेकूत आणि औषध छतावर, असा तो प्रकार.

वाऱ्याचा हिशोब एकदा मांडून पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी ओढली तर छतावरून जाणारा वारा ६० बाय ६० च्या झाकणाला साधारण तीन ते सहा किलो वजनाच्या ओढीनं वर खेचतो. झाकण स्वतः चारेक किलोचं. वेग ८० झाला की ओढ पावणेदोन पटींहून थोडी जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गानं वाढते. मे महिन्यातल्या वळवाच्या वावटळीत उभ्या गाडीलाही हेच लागू. म्हणून टेकू ‘धरतो तर आहे अजून’ म्हणून सोडून देण्याची वस्तू नाही. उभ्या गाडीत धरतो तो टेकू घाटात धरीलच असं नाही.

कामाला हात घालताना दोन्ही टेकू एकदम काढू नयेत. एक काढायचा, त्याच्या जागी लाकडाचा दांडा लावायचा, मग दुसऱ्याकडे जायचं. काढण्याआधी पट्ट्यांवर मार्करनं डावा आणि उजवा असं लिहायचं, आणि चकत्या ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं तारेत ओवायच्या. वरून बघायचं असेल तर छतावर पाय देऊ नये. पत्रा एक मिलिमीटरच्या आसपासचा, त्याहून पातळही असतो. छताखालच्या दोन आडव्या तुळयांवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावर पोटावर पडून काम करावं.

आता लाकूड, कारण पुष्कळ टेकू लाकडामुळं निकामी होतात. टेकूचा खालचा ब्रॅकेट छताच्या चौकटीतल्या पट्टीवर बसतो, बहुधा मऊ लाकडाच्या. टोच्या घेऊन अंगठ्याच्या दाबानं स्क्रूच्या भोवती टोचून पाहायचं. टोक तीन-चार मिलिमीटरहून आत गेलं, किंवा स्क्रूभोवती काळं वर्तुळ दिसलं, की लाकूड कुजायला लागलं आहे. पण पाणी टेकूच्या स्क्रूतून आलेलं नसतं. ते बाहेरच्या चौकटीच्या स्क्रूतून येतं, पट्टीतून वाहत येतं आणि टेकूच्या भोकापाशी थांबतं, कारण तिथं लोखंड असतं आणि पोकळी असते. बाहेरची वाट बंद न करता आतलं भोक बुजवणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तेच काम पुन्हा काढणं.

लाकूड आधी वाळू द्यायचं. आतलं अस्तर काढून दोनेक आठवडे पंखा लावायचा. ओलावा २० टक्क्यांच्या खाली आला की कुज पुढं सरकत नाही. ओलावा मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरवाल्याकडे मिळतं आणि त्या पैशाचं सार्थक होतं. मऊ भाग पटाशीनं खरवडायचा, १२ मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि त्यात इपॉक्सी (दोन द्रावणं मिसळून घट्ट होणारा गोंद) लावून लाकडाची खुंटी ठोकायची. खुंटी सागाची चालते. पण गोव्यात मेस्तांकडे, म्हणजे सुतारांकडे, फणसाचे तुकडे पडलेले असतात, तेही उत्तम; वाळवीला दाद न देणारं आणि स्क्रू नीट धरणारं लाकूड आहे ते. खुंटीचे रेषे पट्टीच्या रेषांना समांतर असावेत. उभ्या रेषांत स्क्रू गेला की तो लवकर सैल होतो. खुंटी पक्की झाल्यावर ३ मिलिमीटरचं मार्गदर्शक भोक पाडून त्यात ४ बाय ३० चा स्क्रू. कुज हातभर लांब गेली असेल तर खुंट्यांनी भागत नाही. तेवढा तुकडा काढून, तिरका काप देऊन नवी पट्टी जोडायची. तिरकेपणा एकास आठ: पट्टी २० मिलिमीटर जाड असेल तर जोड १६० मिलिमीटर लांब.

इपॉक्सीबद्दल एक गोष्ट इथल्या हवेत विसरून चालत नाही. दमट दिवशी ती वाळताना वर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो. तो पॉलिशपेपरनं निघत नाही, पेपरच भरून जातो. कोमट पाण्यानं आणि घासणीनं धुवायचा, वाळवायचा, मग दुसरा हात. पापुद्र्यावर दुसरा हात दिला तर तो नखानं सोलून निघतो.

टेकू हातात आला की आधी बोल्टचे आटे ओळखायचे. ब्रिटिश बनावटीच्या जुन्या कॅरव्हॅनमध्ये बारीक बोल्ट पुष्कळदा २ बीए या जुन्या ब्रिटिश मापाचे असतात. व्यास ४.७ मिलिमीटर, आट्याचं अंतर ०.८१. आपल्याकडे ते दुकानात मिळत नाहीत, आणि बळजबरीनं एम ५, म्हणजे ५ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट, घुसवला की पितळी भाग फुटतो. पण एम ५ च्या आट्याचं अंतर ०.८ आहे. जवळजवळ तेच! म्हणून झिजलेल्या २ बीए भोकातून एम ५ चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, सावकाश फिरवला, अर्धा फेरा पुढं आणि पाव फेरा मागं, तर जुन्या आट्यांच्या वाटेनंच तो नवे, खोल आटे काढतो आणि भाग वाचतो. पाव इंची बोल्ट असेल तर तो बहुधा इंचाला २० आट्यांचा. त्या मापाचा बोल्ट आपल्याकडे अजून सहज मिळतो.

‘टक्’ आवाजाचं दुखणं रिव्हेटच्या भोकात असतं. पाच मिलिमीटरचं गोल भोक लांबट होत सहा-साडेसहापर्यंत जातं. तिथं नवा रिव्हेट ठोकून काही होत नाही, भोक लांबटच राहतं. भोक रीमरनं ८ मिलिमीटर गोल करायचं आणि लेथवाल्याकडून पितळी बुश, म्हणजे भोकात बसणारी छोटी नळी, कातून घ्यायचा: बाहेरून ८, आतून ५, आणि लांबी दोन पट्ट्यांच्या एकत्र जाडीपेक्षा ०.२ मिलिमीटर जास्त. हे शेवटचं ०.२ महत्त्वाचं. बुश पट्ट्यांपेक्षा किंचित लांब असला की नट बुशवर आवळला जातो आणि पट्ट्या मोकळ्या फिरतात. लांबी बरोबर जाडीएवढी ठेवली तर नट आवळताच सांधा जाम होतो, आणि नट सैल ठेवला तर रस्त्यात गळून पडतो. लेथवाल्याला जुना टेकूच नेऊन दाखवावा, कागदावरचं चित्र नव्हे. बुश नायलॉनचा करू नये. नायलॉन दमट हवेत पाणी पिऊन फुगतं. मार्चमध्ये छान फिरणारा सांधा जुलैत अडतो. प्लास्टिकच हवं असेल तर डेलरिन मागावं.

घसरणाऱ्या टेकूत आधी खाच तपासायची. झाकण रोज एकाच उंचीवर उघडलं जातं, त्यामुळं त्या जागी खाचेच्या काठाला छोटा खड्डा पडतो आणि बोल्ट त्यात जाऊन बसतो. तेवढा खड्डा कानशीनं सपाट करायचा. एक जुनी युक्ती अशी की डावी पट्टी उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावायची. झिजलेली बाजू उलटते आणि पट्टीला नवं आयुष्य मिळतं. पट्ट्या एकमेकींचं आरशातलं रूप असतील तर ती चालत नाही, हे आधी बघावं.

चकत्या मात्र नव्याच हव्यात. मूळच्या फायबरच्या चकत्या पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात आणि काचेसारख्या चकचकीत होतात. चामड्याच्या चकत्या करण्याचा मोह होतो, पण चामडं पाणी धरून ठेवतं आणि त्यातली कमावण्याची रसायनं ॲल्युमिनियमला खातात. मला सगळ्यात बरी वाटते ती ऑटोमोबाइलच्या दुकानातली दीड मिलिमीटर जाडीची रबर-कॉर्क गॅस्केट शीट. पंचानं २० मिलिमीटरची चकती कापायची, मध्ये ५ चं भोक. तिच्यावर स्टीलचा सपाट वॉशर, म्हणजे नॉब फिरताना चकती पिळवटत नाही, आणि त्यावर एक वाटीसारखा स्प्रिंग वॉशर. कॉर्क काही महिन्यांत थोडी दबते. वाटीचा वॉशर तेवढी ढिलाई खातो. चकतीला तेल, ग्रीस, काहीही लावायचं नाही. ती घर्षणासाठीच आहे. बिजागरीला खोबरेल घालायची घरोघरी सवय असते, इथं तीही नको. खोबरेलावर मुंग्या येतात, तांबडी धूळ बसते आणि तिची लेई होऊन बिजागरी झिजते. खाचेच्या आतल्या काठावर मेणबत्ती घासली की पुरतं.

नवे स्क्रू आणि बोल्ट स्टेनलेसचेच घ्यावेत, पण ‘स्टेनलेस’ एवढ्या शब्दावर विसंबू नये. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळतं ते पुष्कळदा २०२ प्रतीचं, आणि ते समुद्राकाठी एका पावसाळ्यात तांबूस डाग धरतं. चुंबक लावून फरक कळत नाही, कारण २०२ ही चांगल्या ३०४ सारखंच चुंबकाला फारसं चिकटत नाही. बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का पाहावा: ए २ म्हणजे ३०४, ए ४ म्हणजे ३१६. किनाऱ्यावर ए ४ घ्यावा. मालिम जेटीसारख्या मासेमारीच्या धक्क्यांच्या आसपास ट्रॉलरना सामान पुरवणाऱ्यांकडे तो विचारावा; ज्यांचं गिऱ्हाईक रोज खाऱ्या पाण्यात असतं त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. आणखी एक: स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना खाऱ्या ओलीत टेकले की ॲल्युमिनियम झिजतं, स्टेनलेस तसंच राहतं. स्क्रूच्या डोक्याभोवतीची ती पांढरी भुकटी म्हणजे पट्टीचंच मांस. प्रत्येक डोक्याखाली नायलॉनचा पातळ वॉशर आणि भोकात थोडं सीलंट घातलं की दोन धातू वेगळे राहतात. हा वॉशर फिरत नाही, म्हणून तिथं नायलॉन चालतं.

टेकू स्प्रिंगचे असतील आणि गंजलेल्या स्प्रिंगच्या जागी स्टेनलेसची बनवून घ्यायची असेल, तर त्याच जाडीच्या तारेची स्टेनलेस स्प्रिंग साधारण दहा टक्के मऊ पडते. दहा वेटोळ्यांऐवजी नऊ सांगावीत.

काही टेकूंचे ब्रॅकेट जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात, वरून क्रोमचा मुलामा. त्यांच्यावर फोड आले असतील, बारीक तडे जाळ्यासारखे पसरले असतील, तर त्यांना वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नये. जुन्या ओतकामात शिसं अगदी किंचित जरी जास्त असलं तरी हा धातू आतून कणाकणानं सुटत जातो, आणि उष्ण दमट हवेत तो वेग वाढतो. तसा ब्रॅकेट जुळवून घ्यायचा, माप घ्यायचं आणि ३ मिलिमीटर पितळी पट्टीतून नवा वाकवून घ्यायचा. मूळ तुकडा पिशवीत घालून ठेवावा, नमुना म्हणून.

आता गॅस स्ट्रटबद्दल, म्हणजे गॅरेजात ज्याला डिकीचा शॉकर म्हणतात. दर दुसरा माणूस तोच सुचवतो. मला तो या झाकणांवर पटत नाही, आणि कारण हिशोबाचं आहे. चार किलोचं झाकण बिजागरीवर १२ न्यूटन-मीटर एवढा फिरवणारा जोर टाकतं. बाजारातले छोटे शॉकर १०० न्यूटनचे धरले आणि झाकण मिटलेलं असताना बिजागरीपासून त्यांच्या रेषेचं अंतर अडीच सेंटिमीटर धरलं, तर दोघे मिळून पाच न्यूटन-मीटरनं झाकण वर ढकलत राहतात. दिवसरात्र. झाकणाच्या वजनातून रबराला मिळणारा दाब चाळीस टक्क्यांनी कमी झाला. झाकण पूर्ण उघडलं की उलट ताकद फार जास्त होते आणि ती बिजागरीच्या जुन्या स्क्रूंवर जाते. पातळ फायबरचं झाकण मधोमध फुगतं, कडा उचलल्या जातात. शिवाय खारी हवा शॉकरच्या दांड्याच्या क्रोमला बारीक खड्डे पाडते, ते खड्डे आतलं रबरी सील फाडतात आणि नायट्रोजन निघून जातो. ज्यांच्या झाकणाला कारखान्यातूनच शॉकर आले आहेत त्यांनी ते बदलताना अंगावर छापलेला न्यूटनचा आकडा पाहून तोच घ्यावा, आणि झाकण मिटलेलं असताना दांडा खाली राहील असा बसवावा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. संपलेला शॉकर भोक पाडून उघडू नये, जाळातही टाकू नये. आत दाब उरलेला असतो.

झाकण ॲक्रिलिकचं असेल तर टेकूच्या वरच्या ब्रॅकेटपाशी बारीक तारकांसारखे तडे दिसतात. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांनी पुसलं की ते वाढतात. साबणाचं पाणी, एवढंच. बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात ते लाल-निळं लॉकिंग द्रावणही ॲक्रिलिकला तडकवतं. तिथं नायलॉनची कडी असलेला नट वापरावा. आणि ॲक्रिलिकमधलं भोक बोल्टपेक्षा एक मिलिमीटर मोठं हवं. उन्हात ते फुगतं, बोल्टनं त्याला अडवू नये.

सगळं परत चढवताना बाहेरच्या चौकटीखाली ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी, ३ मिलिमीटर जाड. स्क्रू एका दमात आवळायचे नाहीत. पहिल्या दिवशी टेप चौफेर किंचित बाहेर येईपर्यंत, दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात पुन्हा पाव फेरा, मग बाहेर आलेली कड प्लास्टिकच्या पट्टीनं कापायची. सिलिकॉन इथं नको. ते निघतं तेव्हा पत्र्यावर न दिसणारा थर सोडून जातं आणि त्यावर नंतर काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा.

दोन्ही टेकू सारखे धरतात का, हे पाहायला खडू पुरतो. चौकटीच्या काठावर खडू घासायचा, झाकण मिटून नॉब आवळायचे, उघडायचं. रबरावर खडूची रेघ चारी बाजूंनी एकसारखी रुंद उमटली पाहिजे. जिथं ती बारीक झाली तिथं दाब कमी. तिकडच्या टेकूचा खालचा ब्रॅकेट मिलिमीटरभर खाली सरकवायचा आणि पुन्हा खडू. तीन-चार वेळा करावं लागतं, त्यात घाई नसावी. त्यानंतर वर्तमानपत्राच्या पट्ट्या बारा ठिकाणी अडकवून ओढून पाहायच्या. सगळ्यांना सारखा जोर लागला पाहिजे. पाण्याची परीक्षा शेवटी. पाइपचं पाणी आधी छताच्या उताराच्या खालच्या बाजूला दहा मिनिटं, मग बाजूंना, मग वर. आत एक जण बॅटरी घेऊन. खालून वर गेलं तरच पाणी कुठून शिरलं ते कळतं. सुरुवातीलाच वरून ओतलं तर सगळंच ओलं.

हे सगळं करायचा काळ डिसेंबर ते मार्च. मे महिन्यात घरोघरी पुरुमेंताची धावपळ असते, सुकी मासळी, मिरची, चिंच भरून ठेवायची. तेव्हा गाडीचं लाकूड वाळवायला बसलं तर मिरग गाठतो. गाडी माडाखाली उभी असेल तर तीही तेव्हाच हलवावी. पडलेल्या नारळापुढं कुठलाच टेकू टिकत नाही.

पावसाळ्यात झाकण सलग चार महिने मिटून ठेवू नये. रबर चौकटीला चिकटतं आणि आत बुरशी येते. पंधरा दिवसांतून एकदा, उघडीप बघून, तासभर उघडावं, रबर आणि चौकट गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसावी, कोरडी करावी. मिटताना दोन्ही नॉब आळीपाळीनं, अर्धा फेरा इकडं, अर्धा तिकडं. हाताला घट्ट लागले की आणखी पाव फेरा. पक्कड लावायची नाही.